सूर्य आणि तारे: पुणेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशनिरीक्षणाच्या कार्यक्रमांत, शाळांत आणि सोसायटीच्या गच्च्यांवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. जिथे शक्य आहे तिथे नुसता आकडा दिलेला नाही, तो स्वतः पडताळायचा कसा हेही सांगितलं आहे. सूर्य हा आपल्याला तपशीलवार पाहता येणारा एकमेव तारा आहे आणि त्याची मोजमापं घेण्यासाठी मोठी दुर्बीण लागत नाही.

सूर्य जळतो म्हणजे नेमकं काय होतं?

तो जळत नाही. जळायला ऑक्सिजन लागतो, आणि सगळा सूर्य कोळशाचा आहे असं धरून हिशेब केला तरी आजच्या दराने तो जेमतेम पाच हजार वर्षं पुरला असता. त्याचं वय आहे सुमारे ४६० कोटी वर्षं.

ऊर्जा तयार होते ती गाभ्यात. तिथलं तापमान साधारण दीड कोटी अंश आहे आणि घनता पाण्याच्या दीडशेपट. तिथे हायड्रोजनची चार अणुकेंद्रकं टप्प्याटप्प्याने एकत्र येऊन हेलियमचं एक केंद्रक बनतं. त्याचं वस्तुमान मूळ चौघांपेक्षा ०.७ टक्क्यांनी कमी भरतं, आणि ही तूट ऊर्जेच्या रूपात बाहेर पडते. दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजन वापरला जातो आणि त्यातल्या ४२ लाख टनांची ऊर्जा होते.

आता एक आश्चर्य वाटणारी गोष्ट. गाभ्याच्या एका घनमीटरमध्ये तयार होणारी ऊर्जा तीनशे वॉटपेक्षाही कमी आहे. तेवढ्याच आकारमानाचा विचार केला तर माणसाचं शरीर याच्या चौपट-पाचपट उष्णता निर्माण करतं. सूर्य प्रखर आहे तो त्याच्या आकारामुळे. ही प्रक्रिया फार हळू चालते. दोन प्रोटॉन एकमेकांना विद्युतबलाने दूर ढकलतात आणि एकत्र येण्याची संधी क्वचितच मिळते. म्हणून तर इंधन एवढं पुरतं.

मग तो बॉम्बसारखा एकदम फुटत का नाही?

कारण गाभा स्वतःच स्वतःला आवरतो. संमीलन, म्हणजे केंद्रकं एकत्र येणं, थोडं वाढलं की तापमान वाढतं, दाब वाढतो, गाभा फुगतो. फुगला की थंड होतो आणि संमीलन मंदावतं. उलट ते कमी झालं तर वरच्या थरांचं वजन गाभ्याला दाबतं, तो तापतो आणि वेग पुन्हा सावरतो. आत खेचणारं गुरुत्व आणि बाहेर ढकलणारा दाब यांचा हा तोल कोट्यवधी वर्षं टिकतो.

सूर्यप्रकाश आठ मिनिटांपूर्वीचा की लाख वर्षांपूर्वीचा?

दोन्ही म्हणणी आपापल्या जागी बरोबर आहेत. पृष्ठभागापासून आपल्यापर्यंतचे सुमारे १५ कोटी किलोमीटर प्रकाश ८ मिनिटं २० सेकंदांत कापतो. पण गाभ्यात निर्माण झालेली ऊर्जा पृष्ठभागापर्यंत सरळ येत नाही. दाट द्रव्यात ती शोषली जाते, पुन्हा कुठल्याही दिशेला फेकली जाते, आणि हे असं असंख्य वेळा घडतं. या भटकंतीला काही दहा हजार ते लाखभर वर्षं लागतात. गाभ्यातून थेट येतात ते न्यूट्रिनो, म्हणजे संमीलनात तयार होणारे, कशातूनही आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण. आपल्या नखाएवढ्या, म्हणजे एक चौरस सेंटिमीटर जागेतून दर सेकंदाला सुमारे साडेसहा हजार कोटी न्यूट्रिनो आरपार जातात, अगदी रात्रीसुद्धा, कारण पृथ्वी त्यांना अडवत नाही.

सूर्य केवढा आहे हे घरी मोजता येईल का?

येईल, आणि प्रत्येकाने एकदा तरी मोजावंच. लागतं ते एवढंच: पाच सेंटिमीटरचा सपाट आरशाचा तुकडा, काळा कागद, रबरी किंवा प्लॅस्टिकचा चेंडू, वाळू, चेंडू बसेल अशी वाटी किंवा मोठं झाकण, आणि मोजपट्टी.

काळ्या कागदाला ५ मिलिमीटरचं गोल भोक पाडून तो आरशावर चिकटवा. चेंडूला छोटी चीर देऊन आत वाळू भरा, म्हणजे तो जड होतो आणि वाऱ्याने हलत नाही. आरसा चेंडूवर चिकटवून चेंडू वाटीत ठेवा. आता तो हव्या त्या कोनात वळवता येतो आणि तिथेच थांबतो. हे सगळं उन्हात ठेवून परावर्तित झोत अंधाऱ्या खोलीतल्या भिंतीवर पाडा. भिंत आरशापासून २० मीटरवर असेल तर १८ ते १९ सेंटिमीटर व्यासाचं सूर्याचं बिंब उमटतं. भोक चौकोनी असलं तरी बिंब गोलच येतं. भिंतीवर दिसतो तो भोकाचा आकार नसून सूर्याची प्रतिमा आहे, याचा हाच पुरावा.

बिंबाचा व्यास भागिले आरसा-भिंत अंतर, गुणिले १५ कोटी किलोमीटर. २० मीटरवर १८.६ सेंटिमीटर आलं तर उत्तर येतं १३ लाख ९५ हजार किलोमीटर. प्रत्यक्ष व्यास आहे सुमारे १३ लाख ९२ हजार किलोमीटर, पृथ्वीच्या १०९ पट.

बिघडतं ते बहुधा याच ठिकाणी:

बिंब धूसर दिसतं, कारण अंतराच्या मानाने भोक मोठं आहे. फ्लॅटमध्ये आठ मीटरच अंतर मिळत असेल तर भोक ३ मिलिमीटरचं करा. बिंब साडेसात सेंटिमीटरचं येईल. भोक यापेक्षा फार बारीक केलं तर प्रकाश कमी पडतो आणि विवर्तनामुळे, म्हणजे बारीक भोकातून जाताना प्रकाश फाकल्यामुळे, कडा पुन्हा पसरतात, म्हणजे टाचणीच्या भोकाने काम सुधारत नाही.

बिंब लंबगोल येतं, कारण झोत भिंतीवर तिरका पडतोय. पुठ्ठा झोताला काटकोनात धरा.

बिंब सरकत राहतं. यात चूक काहीच नाही, पृथ्वी फिरते आहे. दोन मिनिटांत बिंब स्वतःच्या व्यासाएवढं सरकतं, म्हणून एकाने चेंडू हलवायचा आणि दुसऱ्याने मोजायचं.

आरशात डोकावून पाहू नका, आणि झोताच्या वाटेत कोणाचा, विशेषतः लहान मुलांचा, चेहरा येऊ देऊ नका. आरशातला सूर्य आकाशातल्या सूर्याइतकाच घातक आहे.

या बिंबावर सौरडाग दिसतात का?

मोठे असतील तर. ५ मिलिमीटरच्या भोकाने २० मीटरवर साधारण तेवढाच बारकावा मिळतो, म्हणजे सूर्यावरचे ३५-४० हजार किलोमीटर. पृथ्वीच्या तिप्पट रुंद डाग किंवा डागांचा पुंजका असेल तर करडा ठिपका उमटतो. तो डागच आहे की भिंतीवरचा पोपडा, हे ओळखायला चेंडू किंचित हलवा. बिंबाबरोबर सरकला तर तो सूर्यावरचा.

रोज एकाच वेळी कागदावर बिंब गिरवून डागांची नोंद ठेवली तर चार-पाच दिवसांत सूर्याचं स्वतःभोवती फिरणं कळतं. विषुववृत्ताजवळ एक फेरी सुमारे २५ दिवसांत होते, ध्रुवांकडे ३५ दिवसांच्या आसपास. सूर्य घन नसल्यामुळेच हा फरक पडतो. पृथ्वीही त्याच दिशेने पुढे सरकत असल्याने आपल्याला फेरी २७ दिवसांची वाटते.

डाग काळे का?

शेजारच्या भागाच्या तुलनेत ते काळे दिसतात. पृष्ठभाग साडेपाच हजार अंश सेल्सिअस आहे आणि मोठ्या डागाचा मध्य पावणेचार हजारांच्या घरात. तिथलं तीव्र चुंबकीय क्षेत्र खालून वर येणाऱ्या तप्त वायूला रोखून धरतं. प्रकाश तापमानाच्या चौथ्या घाताने बदलतो, म्हणून डागाचा उजेड आजूबाजूच्या चौथ्या हिश्शाएवढा भरतो. डागांची संख्या सुमारे ११ वर्षांच्या चक्राने वाढते-घटते. सध्याचं, २५ वं चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये शिखरावर होतं.

सूर्याकडे थेट बघायचं असेल तर काय वापरावं?

आयएसओ १२३१२-२ या प्रमाणाचा ग्रहणचष्मा किंवा १४ नंबरची वेल्डिंग काच. दोन्ही प्रकाश लाखभर पटीने किंवा त्याहून जास्त कमी करतात. एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी, एकावर एक चढवलेले गॉगल, परातीतलं हळदीचं पाणी: यातलं काहीही वापरू नये. डोळ्यांना उजेड कमी वाटतो, पण न दिसणारं अवरक्त प्रारण आत जातच राहतं. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. भाजल्याचं लक्षात येतं ते काही तासांनी, वाचताना मधलीच अक्षरं गायब दिसू लागतात तेव्हा.

चष्म्याला ओरखडा किंवा टाचणीएवढं छिद्र असेल तर तो कापून फेकून द्या. दुर्बिणीला फिल्टर लावायचा तो पुढच्या तोंडाला, पूर्ण झाकेल असा आणि चिकटपट्टीने पक्का. नेत्रिकेत, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या नळीत, बसवायचे छोटे सूर्यफिल्टर जुन्या दुर्बिणींबरोबर मिळतात. तिथे सगळी उष्णता एकवटते आणि काच डोळा लावलेला असतानाच तडकू शकते. आमचं स्पष्ट मत आहे की असे फिल्टर कोणाला देऊही नयेत. ग्रहणचष्मा घालून दुर्बिणीतून बघणंही तितकंच धोक्याचं, कारण भिंगाने गोळा केलेल्या झोतासाठी तो चष्मा बनवलेला नाही. मोठ्या दुर्बिणीला जोडलेल्या छोट्या शोधक दुर्बिणीवर झाकण लावायला विसरू नका.

पुण्यात सावली नाहीशी होते तो दिवस कोणता?

१३ मे, दुपारी १२ वाजून ३१ मिनिटांच्या सुमारास. पुण्याचा अक्षांश सुमारे साडेअठरा अंश उत्तर आहे, आणि सूर्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं त्याचं अंशातलं अंतर) उत्तरेला तेवढी झाली की तो मध्यान्हीला नेमका डोक्यावर येतो. दुसऱ्यांदा असं घडतं ३० जुलैच्या आसपास, पण तेव्हा ढगांतून सूर्य मिळाला तर नशीब. सोलापुरात हा दिवस १० मेच्या सुमारास येतो, मुंबईत १५-१६ मेला.

पाईपचा सरळ तुकडा ओळंब्याने तपासून उभा करा. फरशी सपाट असेलच असं धरू नका, गच्चीला पाणी वाहून जायला उतार ठेवलेला असतो. सावली पूर्ण पुसली जात नाही, कारण सूर्य बिंदू नाही. त्याच्या अर्ध्या अंशाच्या बिंबामुळे बुडाशी एक फिकट कडं उरतं.

१३ मे ते ३० जुलैच्या दरम्यान मध्यान्हीचा सूर्य पुण्याच्या उत्तरेला असतो, म्हणून सावली दक्षिणेकडे पडते. दक्षिणेच्या खिडकीत त्या दिवसांत भरदुपारी ऊन का येत नाही, त्याचं कारण हेच.

मध्यान्ह बाराला का होत नाही?

भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची आहे आणि पुणे ७३.९ अंशाच्या जवळ. हा फरक सुमारे ३५ मिनिटांचा. त्यात पृथ्वीच्या लंबवर्तुळी कक्षेमुळे आणि कललेल्या अक्षामुळे पडणारा बदल मिळवला की पुण्याची मध्यान्ह नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१८ ला, तर फेब्रुवारीत १२:४९ ला होते.

जानेवारीत सूर्य जवळ असतो, मग तेव्हा थंडी कशी?

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तो १४.७ कोटी किलोमीटरवर असतो, जुलैच्या पहिल्या आठवड्यात १५.२ कोटींवर. त्यामुळे पृथ्वीला मिळणाऱ्या ऊर्जेत सात टक्क्यांचा फरक पडतो. पण डिसेंबरअखेर पुण्यात मध्यान्हीचा सूर्य ४८ अंशांपर्यंतच चढतो आणि दिवस ११ तासांचा असतो. जूनमध्ये तो ८५ अंशांवर आणि दिवस सव्वातेरा तासांचा. या कोनाच्या आणि तासांच्या फरकापुढे सात टक्के काहीच नाहीत. तरीही पुण्याचा कडक उन्हाळा एप्रिल-मेमध्ये असतो, कारण जूनमध्ये मॉन्सूनचे ढग ऊन अडवतात.

छतावरच्या सोलर पॅनेलला यातलं किती मिळतं?

वातावरणाच्या माथ्यावर दर चौरस मीटरला १,३६१ वॉट, निरभ्र दुपारी जमिनीवर सुमारे १,०००. पॅनेल त्यातले वीसेक टक्के विजेत बदलतात. पुण्यात दक्षिणेकडे तोंड आणि १८-१९ अंशांचा उतार ठेवला तर वर्षभराच्या सरासरीने १ किलोवॉटमागे दिवसाला ४ युनिट धरावेत. एप्रिलमध्ये ऊन कडक असूनही अपेक्षेएवढी वीज येत नाही अशी तक्रार असते. पॅनेल २५ अंशांच्या वर तापला की दर अंशामागे ०.३ ते ०.४ टक्के घट होते, आणि दुपारी तो ६० अंशांवर सहज जातो. वर धूळ.

हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला, हे खरं ना?

हा प्रश्न कोकणातून आलेला प्रत्येक जण विचारतो आणि उत्तर ऐकून थोडा हिरमुसतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात सूर्याच्या ज्वालांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा दिसल्या. फ्रेंच निरीक्षक जान्सेन तेव्हा गुंटूरला होते. हेलियमच्या शोधाशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर भारतात नव्हतेच. त्यांनी त्याच वर्षी २० ऑक्टोबरला इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, या रेषा पाहिल्या. सोडियमच्या रेषांशी न जुळणारी ५८७.५ नॅनोमीटरची पिवळी रेषा नव्या मूलद्रव्याची आहे, हा निष्कर्ष पुढे निघाला. पृथ्वीवर हेलियम सापडला तो १८९५ साली, विल्यम रॅम्झी यांना.

लॉकयर विजयदुर्गाला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. किल्ल्याचं सूर्यविज्ञानाशी नातं खरं आहे, फक्त साल वेगळं.

त्याच ग्रहणाशी पुण्याचंही नातं आहे, आणि ते फार कमी जणांना माहीत असतं. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी जेऊर इथून ते टिपलं. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या तख्तसिंगजी वेधशाळेत त्यांच्याकडे २० इंची परावर्तक दुर्बीण होती. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि ती दुर्बीण कोडाईकनालला गेली.

सूर्याच्या वरचं वातावरण पृष्ठभागापेक्षा जास्त तापलेलं कसं?

पृष्ठभाग साडेपाच हजार अंश आणि वरचा विरळ किरीट दहा ते वीस लाख अंश, हे चुंबकीय क्षेत्रामुळे घडतं. पृष्ठभागावरची घुसळण चुंबकीय रेषांना पीळ देते, आणि त्या रेषा तुटून-जुळताना किंवा लहरींच्या रूपात ऊर्जा वर सोडतात. यातला नेमका वाटा कशाचा किती, यावर काम चालू आहे. २ सप्टेंबर २०२३ ला निघालेलं आदित्य-एल१ यान ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या कक्षेत पोहोचलं. त्यावरची सूट ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकाच्या नेतृत्वाखाली तयार झाली. ती २०० ते ४०० नॅनोमीटरमध्ये सूर्यबिंब टिपते. जमिनीवरून हे जमत नाही, कारण यातला बराच भाग ओझोन शोषून घेतो.

सौरवादळाने पुण्यात काय होऊ शकतं?

शरीराला काही होत नाही, वातावरण आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आपलं रक्षण करतात. जीपीएसची अचूकता घटणं, लघुलहरी रेडिओ काही मिनिटं ते काही तास बंद पडणं, हे परिणाम इथे होतात. वीजवाहिन्यांना खरा धोका उच्च अक्षांशांवर असतो. १३ मार्च १९८९ ला कॅनडाच्या क्विबेकमध्ये नऊ तास वीज गेली होती. पण आपला भाग अगदी सुरक्षित आहे असं समजू नये. सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड वादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने खाली गेल्याची नोंद आहे, आणि ती आजही जगभर अभ्यासली जाते.

ताऱ्यांचे रंग खरंच वेगळे असतात?

हो, आणि पुण्याच्या उजेडातूनही दिसतात. जानेवारीच्या उत्तरार्धात रात्री दहाच्या सुमारास मृग नक्षत्र उंच असतं. त्याच्या एका खांद्याला काक्षी, म्हणजेच आर्द्रा, तांबूस दिसतो. त्याचं तापमान साडेतीन हजार केल्विन. कर्णाच्या दुसऱ्या टोकाला राजन्य निळसर पांढरा, बारा हजार केल्विन. जवळच रोहिणी नारिंगी आणि व्याध पांढरा. तापलेल्या लोखंडाशी तुलना करा: आधी लाल, मग पिवळं, मग पांढरं. रंग जाणवत नसेल तर द्विनेत्री किंचित अस्पष्ट करा. तारा पसरून छोटी तबकडी होते आणि रंग लगेच उठून दिसतो.

सूर्य या मोजपट्टीवर ५,७७२ केल्विनला येतो आणि अवकाशातून पांढरा दिसतो. आपल्याला तो पिवळा-तांबडा वाटतो, कारण हवा निळा प्रकाश विखुरते.

एवढ्या लांबचं अंतर मोजतात कसं?

पृथ्वी कक्षेच्या एका बाजूला असताना आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या बाजूला असताना ताऱ्याची जागा किंचित बदलते. या बदलाच्या निम्म्या कोनाला पराशय म्हणतात. सर्वांत जवळच्या प्रॉक्सिमा ताऱ्याचा पराशयही एका विकलेपेक्षा (अंशाच्या ३,६०० व्या भागापेक्षा) कमी, ०.७७ विकला आहे. कात्रजला ठेवलेलं रुपयाचं नाणं स्वारगेटवरून जेवढं दिसेल, तेवढाच हा कोन. त्यातून अंतर निघतं ४.२४ प्रकाशवर्षं.

काक्षीचा स्फोट लवकरच होणार का?

ताऱ्यांच्या हिशेबात लवकर, म्हणजे पुढच्या लाखभर वर्षांत केव्हाही. २०१९ च्या अखेरीला तो मंदावला तेव्हा अफवांना ऊत आला होता. पण त्यानेच बाहेर टाकलेल्या द्रव्याची धूळ आड आली होती, आणि २०२० मध्ये तो सावरला.

आपला सूर्य असा फुटेल का?

नाही. त्यासाठी सूर्याच्या किमान आठपट वस्तुमान लागतं. आणखी ५०० कोटी वर्षांनी गाभ्यातला हायड्रोजन संपला की सूर्य फुगून तांबडा राक्षसी तारा होईल, बाहेरचे थर सोडून देईल आणि पृथ्वीएवढा श्वेत बटू मागे उरेल. श्वेत बटूला वजनाची मर्यादा असते, सूर्याच्या १.४ पट. हीच चंद्रशेखर मर्यादा. त्याहून जड गाभा कोसळला की न्यूट्रॉन तारा बनतो: सूर्याहून जास्त वस्तुमान आणि व्यास फक्त वीसेक किलोमीटर, कात्रज ते पिंपरी एवढा. असे फिरते तारे, म्हणजे स्पंदक, नारायणगावजवळ खोडदला असलेल्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना रेडिओ लहरींतून ऐकतात. प्रत्येक अँटेनाचा व्यास ४५ मीटर आहे.

पुण्यातून दिसणारा सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी कोणता?

नुसत्या डोळ्यांनी दिसणारा, मित्र (आल्फा सेंटॉरी). अंतर ४.३७ प्रकाशवर्षं. प्रॉक्सिमा याच कुटुंबातला, पण फार मंद. मित्र पुण्यातून दक्षिण क्षितिजावर साडेदहा-अकरा अंशच वर येतो, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीएवढा. मार्चअखेर पहाटे पावणेतीनला किंवा मेच्या मध्यावर रात्री पावणेबाराला तो बरोबर दक्षिणेला असतो. शहरातून धुरकट हवेत तो बुडून जातो, म्हणून दक्षिणेला डोंगर किंवा इमारत नसलेली उघडी जागा शोधा. आधी सराव करायचा तर फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री सव्वानऊला अगस्ती पाहा. तोही दक्षिणेलाच, पण १९ अंशांवर, आणि इतका तेजस्वी की चुकायचा नाही.